लाईनवरचं हसू

सगळं सभागृह हसलं तेव्हा तीही हसली, आणि नेमकं तेव्हाच तिचं बोट हेडसेटच्या बटणावर होतं. हसू तसं लहानच, नाकातून निसटलेलं, पुरतं सेकंदभरही नाही. पण बटण दाबलेलं असलं की तोंडातून निघेल ते लाईनवरच्या सगळ्यांच्या कानात जातं, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार. बावीस वर्षं ती नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच सांगत आली होती, की बोलून झालं की बोट काढा. तुमचा खोकला, तुमची जांभई, तुमचं घरचं भांडण आम्हाला ऐकायचं नाही. लाईनवर त्या वेळी पाच जण होते. डाव्या विंगेत क्रमपत्रिका मांडून उभी असलेली, कुणी कधी काय करायचं ते सगळ्यांना सांगणारी ती स्वतः. बाल्कनीखालच्या काचेच्या खोलीत दिवेवाली. पलीकडच्या विंगेत पडदेवाला. सभागृहाबाहेर गाडीत बसून चार कॅमेऱ्यांतलं एक चित्र निवडणारा, म्हणजे सोहळा घरोघरी थेट पोचवणारा दिग्दर्शक. आणि पाचवे माईक सांभाळणारे बॅटरीकाका, जे त्या क्षणी रंगमंचाच्या तीन पायऱ्यांवरून गडगडत खाली, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पायांशी चालले होते.

रविवार होता, दुपारचे साडेचार. अकरावा क्रमांक चालू होता. नवोदिताचं पारितोषिक द्यायला नटवर्य आले होते. नटवर्य हे त्यांचं नाव नव्हे, पण गेल्या वीस वर्षांत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली तिनं ऐकली नव्हती. आधी लोक थट्टेनं म्हणत, पुढे खरोखरच म्हणायला लागले. माणूस चाळीस वर्षं लोकांना हसवत आला होता, आणि त्याच दिवशी शेवटच्या, तेविसाव्या क्रमांकाला जीवनगौरवही त्यांनाच द्यायचा होता. ते बोलायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा कॉलरचा माईक गेला. ओठ हलताहेत, आवाज नाही. मागून कुणीतरी 'आवाज, आवाज' ओरडलं. ती लाईनवर म्हणाली, "काका, हातातला माईक द्या त्यांना." काका कमरेत वाकून, कॅमेऱ्याच्या आड यायला नको म्हणून जवळजवळ रांगतच गेले. माईक दिला. तेवढ्यावर परत यायचं खरं, पण गेलेला कॉलर माईक मध्येच जिवंत झाला तर दोन्ही मिळून किंचाळतात, म्हणून ते नटवर्यांच्या शेजारी, पायऱ्यांच्या कडेला उकिडवे बसून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेली माईकची डबी बंद करायला लागले. नटवर्यांनी मान वळवून खाली पाहिलं. मग समोर प्रेक्षकांकडे पाहिलं. भुवया वर नेल्या. सभागृहात खसखस पिकली. ती त्यांनी थांबून पुरती ओसरू दिली. आणि मग अगदी सावकाश उजवा पाय उचलून, चकचकीत बुटाचा तळ काकांच्या खांद्यावर टेकवून, त्यांनी ढकललं.

नंतर ते दृश्य तिनं मनात इतक्या वेळा पाहिलं की त्यातले टप्पे वेगळे झाले. पाय उचलणं, टेकवणं, थांबणं, ढकलणं. त्यातलं थांबणं सगळ्यात वाईट. त्या थांबण्यात काकांनी मान वर केली होती, माणूस बसच्या रांगेत मागून धक्का लागला की करतो तशी, राग नसलेली, नुसती चौकशीची. आणि सभागृह फुटलं होतं. गाडीतून दिग्दर्शक ओरडला, "हे ठरलेलं होतं का? ताई, हे बसवलेलं होतं का?" तिनं उत्तर द्यायच्या आत काकांचा आवाज आला. त्यांचा हेडसेट गळ्यात घसरला होता, त्यामुळे आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा. "ताई, हात गेला वाटतं माझा. तुम्ही चालू द्या." ती म्हणाली, "चालू ठेवा. निवेदकावर जा." निवेदकानं काहीतरी जोडून दिलं, नवोदित मुलगी आली, रडली, तिनं आईवडिलांचे आभार मानले. पडदेवाला आणि दाराशी उभा असलेला कुणी मिळून काकांना बाजूच्या दारानं घेऊन गेले. घड्याळात पाहिलं तर सगळं मिळून पन्नास सेकंद उशीर. हा उशीर पुढच्या नाचात भरून काढता येईल, असं तिच्या मनात आलं. तिच्या मनात त्या वेळी हेच आलं होतं, आणि ते तिला आठवतं याचीच तिला नंतर शरम वाटायची.

लहानपणी घरी असलं, काहीही झालं तरी चालू ठेवायचं कौशल्य आईकडे होतं. वडिलांना राग आला की ताट भिंतीवर जायचं. वर्षातून तीनचारदा, फार नाही. भाजी भिंतीवरून ओघळायला लागायची आणि आई उठून, फडक्यानं भिंत पुसून, दुसरं ताट वाढून वडिलांपुढे ठेवायची, मग तिच्याकडे आणि भावाकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारायची, भात घालू का अजून. आणि ती दोघं म्हणायची, घाल. पाचसात मिनिटांत जेवण पुन्हा जेवणासारखं व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या घरातून कधी आवाज म्हणून येत नाही. आई ते कौतुक म्हणून घ्यायची. एकदा ती आठनऊ वर्षांची असताना ताट भिंतीला लागून खाली न पडता क्षणभर तिथंच चिकटून राहिलं होतं, आणि ती हसली होती. वडिलांनी पाहिलं, आईनं पाहिलं, भावानं तिला चिमटा काढला. पुढे मोठेपणी हे कुणाला सांगितलं की समोरचा समजूतदारपणे म्हणायचा, भीतीनं हसू येतं लहान मुलांना. तीही तसंच म्हणत आली. रविवारनंतरही हेच उत्तर तयार होतं, हातात आयतं. धक्का बसला, भीती वाटली, हसू फुटलं. पण तिला भीती वाटली नव्हती. ती विंगेत होती, सुरक्षित होती, तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. नटवर्यांनी खसखस ओसरू दिली, पाय उचलला, आणि तिला ते गमतीचं वाटलं. एवढंच झालं होतं. ज्या माणसाबरोबर तिनं बावीस वर्षं काढली, तो लाथेनं ढकलला जाताना तिला ते गमतीचं वाटलं होतं, कारण करणारा आपल्या कामात हुशार होता.

चौदाव्या क्रमांकानंतर जाहिरातींसाठी साडेतीन मिनिटांची सुट्टी असते. त्यात सोहळा भरवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी तिला रंगपटाबाहेरच्या बोळात बोलावलं. तिथं अध्यक्ष होते, कार्यवाह होते आणि भिंतीला टेकवलेली एक इस्त्रीची घडवंची होती, तिच्यावर कुणाचा तरी झब्बा अर्धवट पडलेला. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य, आवाज शांत, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय. कार्यवाह बारीक, चटपटीत, सदैव दोन फोन हातात. अध्यक्ष म्हणाले, "माणूस बरा आहे ना?" ती म्हणाली, "मनगट बहुतेक मोडलंय. दवाखान्यात नेलंय." "अरेरे," अध्यक्ष म्हणाले, आणि ते खरंच कळवळले, हे तिला दिसलं. मग कार्यवाह म्हणाले, "प्रश्न जीवनगौरवाचा आहे. द्यायचा का?" बोळाच्या टोकाला नाचातल्या मुली पैंजणं घट्ट करत बसल्या होत्या. "नाही दिला तर," कार्यवाहच पुढे म्हणाले, "बारा मिनिटं रिकामी राहतात. थेट चाललंय. बारा मिनिटं लोकांना काय रिकामी खुर्ची दाखवायची?" अध्यक्षांनी तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळ्यात जवळ होतात. तुम्हाला काय दिसलं?"

आता इथं तिला सांगता आलं असतं. दीड मिनिट हातात होतं, तेवढ्यात एक वाक्य सहज बसतं. आणि बारा मिनिटांचा प्रश्न तर प्रश्नच नव्हता. दर वर्षी ती एक गाण्याचा गट जादाचा बसवून ठेवते, कुणी वेळेवर आलं नाही तर असावा म्हणून, आणि तो गट त्या क्षणी वरच्या खोलीत बटाट्याचे काप खात बसलेला होता, बारा मिनिटांची तयारी करून. ती म्हणाली, "माझ्या बाजूनं दिवे डोळ्यांवर होते." हे खोटं नव्हतं. विंगेत दिवे डोळ्यांवर असतातच, आणि त्यातून बघायची सवय झालेली असते. अध्यक्षांनी मान हलवली. कार्यवाह म्हणाले, "मग आत्ता सोहळा पार पाडू. नंतर काय ते बघू." आणि तिघांनाही हायसं वाटलं. ते हायसं वाटणं तिनं स्वतःच्या अंगात ओळखलं, खांदे खाली येतात, जीभ टाळूपासून सुटते. तिनं लाईनवर जाऊन सांगितलं, "क्रमपत्रिकेत बदल नाही." कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं तेविसावा क्रमांक सोडला. सभागृह उभं राहिलं. नटवर्य डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या हसण्यावर मी जगलो." आणि टाळ्या थांबेनात, तिला हातानं पडदेवाल्याला खूण करून थांबवावं लागलं, आत्ता नको, अजून नको, आत्ता.

आई हल्ली तिच्याकडेच असते. ऐकायला कमी येतं, त्यामुळे दूरचित्रवाणी मोठ्यानं लावते, आणि लेकीचा सोहळा म्हणून तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता. ती घरी पोचली तर आईनं विचारलं, "तो म्हातारा माणूस पडला, त्याला लागलं का गं?" ती म्हणाली, "हो, लागलं." आई म्हणाली, "मला वाटलंच. हात असा वाकडा आला होता अंगाखाली. मग तुम्ही थांबवलं का नाही?" तिनं आईकडे पाहिलं. तिला वाटलं, सगळं जग विचारू शकतं, तू कशी विचारतेस. पण आईच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं, नुसता प्रश्न. भिंती पुसून पुसून ती बाई आता पंचाहत्तरीला आली होती आणि वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि आता तिला असले प्रश्न पडायला मोकळीक होती. ती म्हणाली, "थेट होतं आई. थांबवता येत नाही." "असं होय," आई म्हणाली.

सोमवारी चित्रणातला तो लाथेचा तुकडा फोनाफोनांतून फिरला. पहिल्या दिवशी लोक हसत होते, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा. मंगळवारी सकाळी कुणीतरी काकांच्या प्लास्टर घातलेल्या हाताचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत तेच लोक संतापले. कार्यवाहांचा फोन आला. "मॅडम, उद्या अकराला बैठक. तुमच्या सहीचा अहवाल हवा, एक पान बास. शब्द जरा जपून. तोल गेला, असं काहीतरी. त्यांचाही गेला, ह्यांचाही गेला. नटवर्य दिलगिरीचं पत्र द्यायला तयार आहेत, पण लाथ हा शब्द आला तर ते देणार नाहीत." ती बरं म्हणाली. मग अहवाल लिहायच्या आधी काकांना भेटून यावं म्हणून निघाली.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली बांधलेल्या. काकूंनी दार उघडलं, "या ताई," म्हणाल्या आणि आत पाणी आणायला गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत. काका खिडकीशी बसले होते. हात कोपरापर्यंत पांढरा, गळ्यात अडकवलेला. खिशात नेहमीसारख्या बॅटऱ्या, घरातसुद्धा. चार उजव्या खिशात वापरलेल्या, चार डाव्या खिशात नव्या, म्हणून तर ते नाव पडलं होतं. हे खिसे ते कधी उलटसुलट करत नसत. तिला पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं, की ताई, रंगमंचावरच्या माणसाचं तोंड बघू नका, त्याचा गळा बघा. श्वास घेतला की समजा आता बोलणार. इकडचंतिकडचं झालं. डॉक्टर काय म्हणतात, सहा आठवडे, बोटं हलतात, पण डाव्या हातानं दाढी म्हणजे जिवाशी खेळ. ती हसली. काका हसले नाहीत. म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही काही मनात आणू नका." "विचारा की." "मी पडलो ना, तेव्हा लाईनवर कुणीतरी हसलं. कानातच हसलं माझ्या. सभागृह हसलं त्याचं काही नाही. लोकांना काय, त्यांना वाटलं बसवलंय. पण लाईनवरच्यांना तर माहीत असतं ना, काय बसवलंय आणि काय नाही." तिनं पाण्याच्या पेल्यासाठी दाराकडे पाहिलं. "बाईमाणसाचं हसू होतं," काका म्हणाले. "बायका दोनच लाईनवर. आणि तुम्हाला बावीस वर्षांत मी लाईनवर हसलेलं ऐकलेलं नाही. एकदासुद्धा नाही. म्हणजे ती दिवेवालीच. काल मी तिला फोन केला. नको ते बोललो, ताई. तुझ्या बापाच्या वयाचा आहे म्हणालो, पुन्हा तुझ्याबरोबर काम करणार नाही म्हणालो. ती म्हणे, काका मी नव्हते हो. मी म्हटलं, मग काय ताई हसल्या का? तर गप्पच बसली."

गप्प बसली. म्हणजे दिवेवालीला माहीत होतं. तिशीची बाई, पोराला पाळणाघरात सोडून तालमीला येणारी, कधी एका मिनिटानं उशीर नाही. तिनं ते हसू ऐकलं होतं, कुणाचं ते ओळखलं होतं, शिव्या खाल्ल्या आणि नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? पुढचं काम ताईंच्या हातात म्हणून? की कुणाचं नाव घ्यायचा तिचा स्वभावच नाही म्हणून? तिला दोन्ही शक्यता सारख्याच टोचल्या. ह्या वेळी बोलायचं, असं तिला स्पष्ट कळत होतं, आत्ता, काकू पाणी घेऊन येण्याआधी. आणि काकू पाणी घेऊन आल्या. ती पाणी प्यायली, "नका मनाला लावून घेऊ, काका" असं म्हणाली, हो, हे शब्द तिनं उच्चारले, आणि खाली उतरली. जिन्यात पहिल्या मजल्यावर ती थांबली. एक हात सायकलीच्या सीटवर. वर जायला अठरा पायऱ्या, खाली जायला अठरा. वरून कुकरची शिट्टी ऐकू आली, दोन, तीन. कुणीतरी खालून वर यायला लागलं, तिला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटलं, आणि वाट दिली म्हणून ती उतरली. इतकं साधं कारण.

अहवाल तिनं घरी संध्याकाळी, आईच्या मोठ्या आवाजातल्या बातम्या ऐकत, दोन पानी लिहिला. कागदावर लिहिणं सोपं गेलं. वेळ, क्रमांक, कोण कुठं उभं होतं. लाथ हा शब्द लिहिला. बोळातल्या बैठकीत मी दिवे डोळ्यांवर असल्याचं सांगितलं, ते टाळण्यासाठी सांगितलं, मला सर्व दिसलं होतं. जादाचा गट तयार होता, ते मी सांगितलं नाही. आणि शेवटी: सदर प्रसंगी संपर्कयंत्रणेवर जे हसणं ऐकू आलं, ते माझं होतं, अन्य कोणाचं नव्हतं. 'सदर' खोडून पुन्हा लिहिलं. तिला ते 'सदर' आवडलं, त्यामागे थोडं लपता येत होतं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, हिरवं कापड, बिस्किटांच्या दोन बश्या, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी. नऊ जण होते. तिनं उभं राहून वाचलं. लाथेपाशी अध्यक्षांनी घसा खाकरला. "पाय लागला, असं म्हणता येणार नाही का?" ती म्हणाली, "पाय लागतो तो चुकून. हा उचलला होता, टेकवला होता, मग ढकललं." "पुढे वाचा." ती पुढे वाचत गेली आणि शेवटच्या वाक्यानंतर बसली. मग कार्यवाह पुढे झुकले, आणि तिला वाटलं होतं तसे रागावलेले नव्हते ते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचा उजेड होता. "मॅडम, म्हणजे तुम्हालासुद्धा हसू आलं." "हो." "तुम्ही इतकी वर्षं हे काम करताय. खरं काय, बसवलेलं काय, तुम्हाला कळतं. आणि तुम्हाला हसू आलं. मग त्यात गमतीचा भाग होता, असंच झालं ना?" टेबलावरच्या दोघातिघांनी माना हलवल्या. रात्रीपासून तिनं अनेक गोष्टींची तयारी केली होती, ओरडण्याची, सहानुभूतीची, राजीनाम्याची. आपलं खरं बोलणं उचलून नटवर्यांच्या बाजूला ठेवलं जाईल, ह्याची तयारी नव्हती. ती म्हणाली, "मला हसू आलं म्हणून ती लाथ नव्हती, असं होत नाही. मला हसू आलं हे वेगळं. त्याचं काय करायचं ते करा. पण ती लाथ होती." अध्यक्ष चष्मा पुसत होते. ते न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे शेवटचं वाक्य का घातलंत? कुणी विचारलं नव्हतं." ती म्हणाली, "काकांनी विचारलं."

गुरुवारी सकाळी पत्रं निघाली. नटवर्यांचं चार ओळींचं होतं, 'घडल्या प्रकाराबद्दल' खेद वाटतो, घडला प्रकार कोणता ते नव्हतं. जीवनगौरव कायम राहिला. काकांच्या उपचारांचं संस्था बघणार होती, आणि त्यांच्या दीर्घ सेवेचा उल्लेख दोनदा होता. एक नवा नियम झाला: मान्यवर रंगमंचावर असताना कोणत्याही तंत्रज्ञानं रंगमंचावर पाऊल ठेवू नये. हा नियम तिनं तीनदा वाचला. पुढच्या वर्षी माईक गेला तर माणूस तिथंच मुका उभा राहील. आणि वेगळ्या पाकिटात तिच्यासाठी, संपर्कयंत्रणेवरील अशोभनीय वर्तनामुळे पुढील दोन सोहळ्यांच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. सगळ्या प्रकरणात कारवाई म्हणावी अशी ती एकच होती. तिला राग यायला हवा होता, आणि दुपारपर्यंत तो आलाही, चांगला सणसणून. पण तो जरा फसवा होता, त्याच्याबरोबर एक आरामही आला होता, शिक्षा झाली, फिटलं, असा. भाजी चिरताना तिला ते उमगलं आणि तिनं सुरी खाली ठेवली. ज्यानं विचारलं होतं, त्याला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. ते नऊ जणांना मिळालं होतं.

"कुठं निघालीस?" आईनं विचारलं. "काकांकडे." "तोच ना तो? ज्याला लागलं तो?" "हो, तोच." "मग जा," आई म्हणाली, आणि उरलेली भाजी आपल्याकडे ओढून चिरायला बसली.

काका तसेच खिडकीशी होते. ह्या वेळी ती बसलीच नाही. चप्पल काढून उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ते हसू माझं होतं." काकांनी मान वर केली. ती मान तिनं विंगेतून पाहिली होती. "तुमचं?" "हो. परवा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही." काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात फडकं. काका बराच वेळ तिच्या गळ्याकडे बघत राहिले, तिनं श्वास घेण्याची, पुढचं काही बोलण्याची वाट बघितल्यासारखे. मग त्यांनीच तिला वाट करून दिली, जशी ते सगळ्यांना देत आले होते. "घाबरला असाल. होतं असं. माणूस घाबरून हसतं." "नाही," ती म्हणाली. "घाबरले नव्हते. मला हसू आलं." हे म्हणताना तिला आपला आवाज फार कोरडा वाटला, आणखी काहीतरी जोडावंसं वाटलं, क्षमा, पश्चात्ताप, बावीस वर्षं. तिनं काही जोडलं नाही. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीपीप आवाज येत राहिला, मग थांबला.

"त्याचं टायमिंग चांगलंच आहे," काका शेवटी म्हणाले. "तीस वर्षं ऐकतोय मी त्याला. कधी चुकत नाही." त्यांचा चेहरा तिला वाचता येईना. राग असावा, पण तो कुठं बसवायचा हे ठरत नसल्यासारखा. काकू काहीतरी बोलणार होत्या, काकांनी प्लास्टरचा हात थोडा उचलून त्यांना थांबवलं. "अहवालात लिहिलंत म्हणे. पडदेवाला सांगत होता. काढलं तुम्हाला." "हो." "ते मी मागितलं नव्हतं." "माहीत आहे." "काढलं म्हणून माझं काही भरून येत नाही." "नाही," ती म्हणाली. "तेही माहीत आहे." काका पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. तिला वाटलं, आता निघावं, सांगायचं ते सांगून झालं, पुढचं त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. तिनं चपलांकडे पाहिलंही.

"तिचा नंबर लावा," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"त्या पोरीचा. दिवेवालीचा. मला डाव्या हातानं जमत नाही, भलतीकडेच लागतो." तिनं आपला फोन काढला, नंबर शोधला, लावला. पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर ती पुढे गेली आणि फोन काकांच्या कानाशी धरून वाकून उभी राहिली. त्यांच्या दाढीचे डाव्या हातानं सुटलेले खुंट तिला जवळून दिसत होते, आणि गालावर एक छोटी कापल्याची खूण. "कोण? मी बोलतोय, काका," ते म्हणाले. "हो. ताईंच्या फोनवरून. नाही, तू ऐक आधी. तू ऐक. माझं चुकलं." "तुला वाटेल तसं बोललो. तू नव्हतीस. आता कळलं मला. हो, त्यांनीच सांगितलं. आत्ता. माझ्यासमोर उभ्या आहेत." मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. पलीकडून बारीक, भरभर, न थांबणारा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. वाकून वाकून तिची कंबर दुखायला लागली, पण तिनं हात हलवला नाही. काका मध्येच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग पुन्हा, "तेही बरोबर आहे." मग त्यांनी डोकं मागे घेतलं आणि पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"घ्या," ते म्हणाले. "तिला तुमच्याशी बोलायचंय."

तिनं सरळ होऊन फोन कानाला लावला. पलीकडे मागे एक मूल काहीतरी मागत होतं, आणि दिवेवाली बोलायच्या आधी श्वास घेत होती.